दोर ओढण्याचं गाणं

समुद्राची गाणी कशी जन्मली, यावर रेडिओला एक कार्यक्रम करायचा होता. मी ध्वनिमुद्रक. मायक्रोफोन लावायचा, आवाज पकडायचा आणि नको ते कापून टाकायचं, एवढंच माझं काम. गाण्याच्या जन्माशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण माझ्या थोरल्या भावाची बोट आमच्याच बंदरात, त्यामुळे साहेबांनी हे लचांड माझ्या गळ्यात मारलं.

बरेच दिवस मी धक्क्यावर लोकांच्या मागे फिरलो. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, त्याच्या आजोबांना दाढदुखीनं झोप येईना, म्हणून त्यांनी दोर ओढायचं गाणं रचलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, साफ खोटं, गाणं माझ्या आजोबांचं आणि त्यांची दाढ जन्मात दुखली नाही. दोघंही शपथेवर सांगत होते. मी दोघांनाही रेकॉर्ड केलं. दादाला विचारलं तर तो हसला. "गाणं कुणी मुद्दाम करत नाही रे," तो म्हणाला. "बोट यायला उशीर झाला, की किनाऱ्यावरच्या माणसाला काहीतरी करत राहावं लागतं."

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सारखी सांगितली. बोट वाळूवर ओढून घेताना माणसं दोर धरतात. एकजण ओळ म्हणतो, बाकीचे "ओढ" म्हणून जोर लावतात. बोट पुरती वर आल्याशिवाय शेवटची ओळ कुणी म्हणत नाही. बोट अडली तर गाणं पुन्हा पहिल्यापासून. कारण साधं होतं. शेवटच्या ओळीला सगळे एकदम हात सोडतात. ती आधीच कुणी म्हटली, तर अर्धे सोडतील, अर्धे धरून राहतील आणि बोट त्यांना फरफटत पाण्यात नेईल. मला हे पटलं. दाढदुखीपेक्षा नक्कीच पटलं.

त्यानंतर काही दिवसांनी दादा बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही. बरोबरचा खलाशी तापानं पडला होता, म्हणून एकटाच गेला. वादळ नव्हतं, धुकं नव्हतं. दुपारी वायरलेसवर बोलला, इंजिन बंद पडलंय, बघतो. मग काही नाही.

शोधायला दोन लाँच गेल्या आणि रिकाम्या परतल्या. बंदर कार्यालयातला अधिकारी बरा माणूस होता. प्रवाह बाहेरच्या दिशेनं आहे, तो म्हणाला, आणि बोटीवर प्यायचं पाणी ते किती असणार. पुढचं वाक्य त्यानं गिळलं. मी त्याच्याशी भांडलो, मग त्याचे पाय धरले. शेवटी त्यानंही हात टेकले आणि शोध थांबला.

मी दादाच्या घरी राहायला गेलो. आई गेल्यानंतर मला वहिनीनं वाढवलं. तिला एकटं सोडणं शक्यच नव्हतं. ती मागच्या खोलीत बसायची. खिडकी पाण्याकडे उघडायची, कोपऱ्यात फाटकी जाळी, सगळ्याला डिझेलचा वास. ती रडत नव्हती, याचीच मला भीती वाटत होती. आणि एका सकाळी ती गायला लागली.

*दोर गं ओला, दोर भिजला,*
*दोराच्या टोकाला कोण निजला...*

चाल दोर ओढण्याच्या गाण्याचीच होती, पण हे गाणं मी ऐकलं नव्हतं. कुठलं, म्हणून विचारलं. "येतंय," ती म्हणाली. ती एक ओळ म्हणायची, "ओढ" म्हणण्यापुरती थांबायची, मग पुढची ओळ. शेवटाच्या जवळ आली की पुन्हा पहिल्यापासून. मी मायक्रोफोन लावला. हाताला काम नसतं तर मला वेड लागलं असतं.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं. तिच्या थांबण्याच्या जागा रिकाम्या नव्हत्या. फ्रिजची घरघर असेल म्हणून ती गाळली. लाटा गाळल्या. जे उरलं तो पुरुषाचा आवाज होता, धापा टाकणारा, फार लांबचा. *ओढ.*

दुसऱ्या दिवशी मायक्रोफोन बदलला, खिडकी लावून घेतली, खुर्ची भिंतीकडे वळवली. आवाज होताच. आवाज किती लांबून येतो हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. तो जवळ आला होता.

त्याच्या पुढच्या दिवशी आणखी जवळ. आता घशातली खरखर कळत होती. दादाच होता. मी हेडफोन काढून हमसाहमशी रडलो. मग वहिनीला सांगितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "हाताला वजन लागतं." तिच्या मुठी मांडीवर एकापुढे एक आवळलेल्या होत्या. त्यांत काही नव्हतं.

मी धावत बंदर कार्यालयात गेलो. काय सांगणार होतो, देव जाणे. त्या अधिकाऱ्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलं.

घरी येऊन मी सगळी रेकॉर्डिंग ओळीनं ऐकली आणि जे आधीच लक्षात यायला हवं होतं ते तेव्हा आलं. दादाचा आवाज जवळ येत होता आणि वहिनीचा लांब जात होता. खुर्ची तीच, मायक्रोफोन तिच्या तोंडाशी. पण आधी ती शेजारच्या खोलीतून गात असल्यासारखी वाटली, मग अंगणापलीकडून.

पुढे पुढे ते हेडफोनशिवायही कळायला लागलं. समोर बसून काही विचारलं, तर उत्तर उशिरा यायचं, परदेशातून आलेल्या फोनसारखं. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघायची आणि बऱ्याच वेळानं नको म्हणायची.

"वहिनी, थांबव हे," मी म्हणालो.

उत्तराची वाट बघावी लागली.

"थांबले तर तो जाईल."

"आणि तू? तू चालली आहेस, कळतंय का तुला?"

"मग तूही धर."

मी तिच्या मागे बसलो. मुठी आवळल्या. पुढच्या ओळीला मी "ओढ" म्हणालो आणि माझे खांदे पुढे हिसकले गेले. वजन होतं. ओलं, जिवंत वजन. मी भुतंखेतं मानत नाही. त्या दुपारी मी काहीच न मानता जीव खाऊन ओढत होतो.

आम्ही ओढत राहिलो. तो येत होता. आता मायक्रोफोन लागत नव्हता, खिडकीबाहेरून ऐकू येत होतं. *ओढ. ओढ.*

वहिनी गात होती. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. ओठ हलत होते.

आवाज येत नव्हता.

मी रेकॉर्डरकडे पाहिलं. तिच्या ओळींना आवाजाचा काटा हलत नव्हता.

मी तिला हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली बाई मला ऐकू शकत नव्हती.

शेवटची ओळ मला कुणी सांगितली नव्हती. पण ती माझ्या तोंडात होती.

*लागला किनारा, सोडा आता.*

मी म्हटली. मोठ्यानं म्हटली.

हात एकदम हलके झाले. वहिनी माझ्या अंगावर कोसळली आणि तिची किंकाळी माझ्या कानात फुटली, अगदी जवळून, खणखणीत. मी तिला घट्ट धरून ठेवलं. ती मला बुक्क्या मारत होती. बाहेर फक्त लाटा होत्या.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, बंदराच्या तोंडाशीच, आमच्या खिडकीतून दिसेल इतक्या जवळ. ओळख पटवायला मी गेलो. डॉक्टर म्हणाले, माणूस चिवट, काल दुपारपर्यंत जिवंत असावा.

अधिकारी मला बाजूला घेऊन गेला. त्याला अहवाल लिहायचा होता आणि दोन गोष्टी जुळत नव्हत्या. इंजिन बंद असताना बोट प्रवाहाविरुद्ध इथवर आली कशी, ही पहिली. दुसरी विचारताना तो जरा घुटमळला. दादाच्या दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती, दोर हातातून सरकन गेल्यावर निघावीत तशी. आणि बोटीवरचे सगळे दोर कोरडे होते, नीट गुंडाळून जागच्या जागी ठेवलेले.