नारळ न जाणारा कठडा

सुरतेजवळ डुमसच्या किनाऱ्यावरच्या त्या आरामगृहात 'फॅमिली रूम फक्त पती-पत्नीस' अशी पाटी ज्या कुणी विश्वस्ताने लावली, त्याने आयुष्यात कधी दोन वर्षांची जुळी सांभाळलेली नाहीत. कुटुंब कशाला म्हणतात हेही त्याला ठाऊक नाही.

दारात सासू, सून आणि दोन लेकरं उभी. खिडकीतला माणूस विचारतो, सोबत जेन्ट्स कोण? होता एक. इच्छापोरच्या कारखान्यात गेला तो परत आला नाही. पाटीला ते काय सांगणार! बायांसाठी म्हणून त्याने दुसऱ्या मजल्यावरचा हॉल देऊ केला. बाहेर उघडी गच्ची, कठड्याला आडवे दांडे. रांगती-चढती पोरं असलेल्या आईला विचारा, आडवा दांडा म्हणजे शिडीच.

सून योगिता पायरीवर बसली. कडेवर गायत्री, बोटाला राघो. दिवाळीला कापडाचे लूम बंद झाले आणि सुरतेतली अख्खी डिंडोली वस्ती खानदेशात गावाकडे गेली. या घरानेच यंदा पाठ फिरवली होती, आणि तेही मालतीबाईंच्या हट्टाने. गावी सणाला सगळ्या सुनांच्या ओट्या भरायच्या आणि हिला तेवढं चुलीपाशी बसवायचं, हे सासूला आता बघवत नव्हतं. त्यापेक्षा पोरांना समुद्र दाखवू, म्हणाल्या. अशी सासू मिळाली म्हणून योगिता रोज देवाचे आभार मानायची. पण आता समुद्र समोर, आणि राहायला जागा नाही.

त्यांना घेऊन आलेला ईको व्हॅनवाला, ललित, भाडं घेऊन एव्हाना निघून जायला हवा होता. गेला नाही. हातातल्या किल्लीशी खेळत जवळ आला.

"पोरं पळतात... की चढतात?"

योगिताने वर बघितलं. दोन वर्षांत जो भेटला त्याने एकच विचारलं होतं, नवरा कसा गेला. पोरांचं विचारणारा हा पहिलाच.

"राघो चढतो. ही मिळेल ते तोंडात घालते."

"मग खोली त्यांच्या उंचीवरून बघायला लागेल. चला."

आणि खरंच, पहिल्या लॉजवर हा बाबा इस्त्रीच्या शर्टानिशी गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरला. राघो लगेच त्याच्या पाठीवर. पलंगाखालून ललितने वापरलेलं ब्लेड काढलं, मालकाच्या हातावर ठेवलं आणि बाहेर पडला. वाटेत त्याने एक नारळ घेतला. दुसऱ्या लॉजच्या कठड्याचे गज उभे होते, पण त्यांच्या मधून नारळ सरळ पलीकडे गेला.

"नारळ गेला की पोराचं डोकं गेलं," तो म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"भावाची पोरं. एकाचं डोकं अडकलं होतं. तेल लावून काढलं... अजून मला बघून लाजतं."

ती हसली. किती दिवसांनी, तिलाच कळेना. सुरतेतला ड्रायव्हर दर बाईला 'बेन', म्हणजे बहीण, म्हणतो. हा मालतीबाईंना मावशी म्हणत होता, आणि हिच्यापाशी आला की शब्द गिळत होता.

"मला काय हाक मारायची, ते ठरलं की सांगा," ती हळूच म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

तिसरं घर सरलाबाईंचं; त्या खोल्या भाड्याने देत. तळमजला, जमिनीवर गाद्या, मोरीला बाहेरून कडी, आणि दूध तापवायला कधीही चूल मोकळी. व्हरांड्याच्या गजांत नारळ अडकला. ललित इतका खुश झाला की नारळ ओढून काढून योगिताला द्यायला वळला. तिचे दोन्ही हात पोरांत. त्याने सरळ तो तिच्या पदरात टाकला.



विधवेच्या पदरात नारळ. परक्या पुरुषाने. ललितच्या ते उशिरा ध्यानात आलं. त्याचा हात परत घ्यायला पुढे झाला... आणि अर्ध्यावर थिजला. योगिताला पदराचा भार जाणवत होता. तिने मान वर केली नाही, पण पदरही सोडला नाही.

मालतीबाई पुढे आल्या. मुलगा गमावलेली बाई ती. ओरडल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी सुनेचा पदर नीट सावरला, नारळासकट.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," त्या म्हणाल्या. "पदरमा पडेल नारय कोन्ही पाछा लेस का?"

मग त्या आत गेल्या, आणि बराच वेळ मोरीतल्या नळाचा आवाज येत राहिला.

पुढचे दिवस ललित रोज संध्याकाळी यायचा, गरम टोमॅटोची भजी घेऊन. सहज इथून चाललो होतो, म्हणायचा. आणि तो रस्ता तर पुढे समुद्रातच जातो! काळ्या वाळूत तो पोरांबरोबर खड्डे खणायचा. योगिता बघत बसायची. आपल्यालाही हे मिळतंय, यावर तिचा विश्वास बसायचा नाही.

परतायच्या आदल्या संध्याकाळी भरतीचं पाणी पायाशी आलं. पोरं मालतीबाईंच्या मांडीवर पेंगत होती.

"त्या दिवशी चुकून टाकला," ललित वाळूकडे बघत म्हणाला. "आज विचारलंत तर... जाणूनबुजून टाकेन. तुम्हाला माझ्या घरी नेईन, पोरांसकट. मावशींसकट."

योगिता त्याच्याकडे वळली. मग ओल्या डोळ्यांनी, पण ठणकावून म्हणाली —

"गोड बोलणारे पुष्कळ असतात. ही दोघं रात्री एकदमच उठतात. एकाला मी घेईन. दुसऱ्याला कोण घेणार? खाली बघू नका... माझ्याकडे बघून सांगा."