टाचेवरचा घाव

हिर्डोशीच्या रखमाजींना भातखाचराच्या बांधावर कुणीतरी मागून टाचेवर दांडकं मारलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मागे होता तो त्यांचा पुतण्या गोरख, आणि दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. आज ठाण्यात तक्रार जाणार म्हणून गोरखने भोरच्या खाजगी गुप्तहेर स्नेहल शिळीमकरला गाठलं.

"मॅडम, आपल्याला बोलावणाराच गुन्हेगार," तिचा मदतनीस कुमार वाटेतच म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा स्वभावच.

रखमाजी ओसरीवर पडून होते. "फाटकन आवाज आला, टाचंवर बसलं. वळून बघतो तर ह्योच."

स्नेहलने त्यांना पालथं झोपवलं. टाचेमागे सूज होती, पण वळ नव्हता. तिने चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल हललं. दुखऱ्या पायाचं हललंच नाही.

"म्या खाचराच्या पल्याड हुतो," गोरख म्हणाला. "तात्या पडल्यावर पळत आलो."

स्नेहल आणि कुमारने खाचरावर जाऊन पाहिलं. ओल्या बांधावर एकट्या रखमाजींची पावलं होती. गोरखची चिखलातून, बाजूने आलेली.

"लांबून फेकून मारलं असेल," कुमार म्हणाला.

"मग दांडकं कुठंय?"

घरी परतून स्नेहलने रखमाजींच्या बायकोला, ठकुबाईंना विचारलं, "मावशी, टाच आधी दुखत होती?"

"व्हय. म्या तेल चोळत हुते."

"औषध कसलं चालू आहे?"

"दम्याच्या गोळ्या रोजच्याच. लघवीला जळजळ हुती, म्हनून माझ्या भावाच्या उरलेल्या गोळ्या दिल्या."

दोन्ही पाकिटं पाहून स्नेहलने भोरच्या डॉक्टरांना फोन लावला. मग सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"कुणी मारलंच नाही. भावाच्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या, म्हणजे अँटिबायोटिक. क्वचित ते पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, धोंडशीर, कमजोर करतं. साठीपुढचं वय, त्यात दम्यासाठी स्टेरॉइड, म्हणजे धोका वाढतो. टाच दुखली तेव्हाच गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं होतं. शीर तुटली. तुटताना आवाज होतो आणि मागून मारल्यासारखंच वाटतं. म्हणून वळ नाही, म्हणून पोटरी दाबूनही पाऊल हललं नाही. रखमाजीबाबा खोटं बोलले नाहीत, गोरखही नाही."

ठकुबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्हंजी म्याच केलं."

"मायेनं दिल्यात, मावशी. पण एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये. ती गोळी आता बंद, आणि आजच दवाखाना."

एसटी गेली होती. गोरख रखमाजींकडे पाठ करून उकिडवा बसला. "चला तात्या, टेम्पोपातुर नेतो."

रखमाजींनी त्याच्या गळ्यात हात टाकले. त्यांना फार लाज वाटत होती.

"म्या तुला जेलात धाडत हुतो," ते म्हणाले.

"व्हय," गोरख उठत म्हणाला. "आता पाय हलवू नका."