मुलतानीचा अंतरा

सत्काराच्या दिवशी युसूफ खाँसाहेबांनी मुलतानी रागातली ती बंदिश अस्ताई-अंतऱ्यासकट पुरी वाजवली, आणि तो अंतरा त्यांना त्यांच्या शिष्यानं म्हणजे मी दिला, असं औरंगाबादेत जुने लोक अजून सांगतात. कौतुकानं सांगतात, म्हणून मी आजवर गप्प बसलो. पण दुसऱ्याचं श्रेय आपल्या पदरात पाडून घेणं मला पटत नाही. मी कन्नड गावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. जेवढं घडलं तेवढंच सांगतो.

युसूफ खाँ सारंगीवाले छावणीत राहत. शनिवारी रात्री जालना-परभणीकडं मैफल आणि रविवारी दुपारी परत येऊन शिकवणी, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. बरेच वाजवणारे शिकवताना हात आखडता घेतात, आणि बरेच शिकवणारे मंचावर बसले की गारठतात. खाँसाहेब दोन्हीकडं सारखेच. बड्या गवयाची तान घसरली तर साथीत ती अशी सावरून घेत की गवयालाही आपण चुकलो हे उशिरा कळे. आणि माझ्यासारख्या बेताच्या मास्तरला एकच सूर तासभर न कंटाळता देत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शिकवायची रीत मात्र त्यांच्या घराण्याची खास. शिष्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं, उस्ताद पाठीमागं. मागून जे वाजेल ते आपण वाजवायचं. चुकलं तर मागून तेच पुन्हा वाजणार, बोलणं नाही. वळून बघायची सक्त मनाई. शिकवणी संपली की आधी उस्ताद उठून जाणार, मग आपण वळायचं.

“डोळ्यानं शिकलेला हात झुटा असतो, मास्तर,” ते म्हणत. “कान झुट बोलत नाय.”

सहा वर्षांत ही सवय माझ्या मानेत मुरली. सारंगी तेवढी मुरली असती तर बरं झालं असतं.

खाँसाहेबांचे उस्ताद गयास खाँ. त्यांनी मुलतानीची एक बंदिश युसूफ खाँना द्यायला घेतली. अस्ताई दिली, अंतरा पुढच्या जुम्म्याला देतो म्हणाले. त्याच आठवड्यात निजामावर पोलीस ॲक्शन झालं. त्या धामधुमीत गयास खाँ जे घराबाहेर पडले, त्यांचा पुढं ठाव लागला नाही. तेव्हापासून सव्वीस वर्षं खाँसाहेब ती अस्ताई वाजवून तिथंच थांबत. ऐकणाऱ्यांना वाटे, ही त्यांची अदा आहे.

“साठी झाली, मास्तर,” एकदा चहा पिताना ते म्हणाले. “नखं झिजली. सत्काराला आखरी वाजवतो, मंग सारंगी गवसणीत. पन ही अर्धीच घेऊन जायची म्हंजे लई वाईट.”

“तुम्हीच का नाही अंतरा बांधत?”

“दुसऱ्याच्या घरावर आपलं छप्पर?” ते हसले. “मंग ते घर त्याचं ऱ्हात नाय.”

ते हसत होते, पण मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

सत्काराच्या आधीचा रविवार. एप्रिलचं ऊन. मी एसटीतून उतरून अडीचला छावणीत पोचलो. खाँसाहेबांची सून सगीरा दारात तांदूळ निवडत बसली होती.

“बसा आत, अब्बा येतेत आता,” ती म्हणाली.

मी नेहमीच्या जागी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि सारंगी लावायला घेतली. भिंतीचा चुना उन्हानं तापला होता, त्याचा कोरडा वास येत होता. थोड्या वेळानं पाठीमागं चटई करकरली. मग राळेचा वास आला, आणि गज तारेवर टेकला.

खाँसाहेबांना दमा होता. मागून त्यांच्या श्वासाची शीळ सतत ऐकू यायची. त्या दिवशी ती येत नव्हती. आज बरं वाटत असेल, असं मी धरून चाललो.

अस्ताई झाली. इथं ते थांबत, म्हणून मीही गज उचलला. पण मागची सारंगी थांबली नाही. ती पंचमावरून वर निघाली, तार षड्जाला टेकली, आणि चार ओळींत पुन्हा खाली आली.

अंतरा होता. मला इतका आनंद झाला की दोनदा गज घसरला. कुठून तरी मिळवला म्हणायचा! मी एकेक ओळ घेत गेलो. चौथी ओळ काही केल्या बसेना. मागून ती तितक्याच शांतपणे पुन्हा येत राहिली, वीस वेळा तरी. मग चटई करकरली. मी जरा थांबून वळलो. खोली रिकामी होती.

सगीरा चहा घेऊन आली. एकच कप.

“अब्बाची जालन्याहून गाडी चुकली. शेजारच्या दुकानात फोन आला, रातच्याला येतेत. तुमाला सांगनार होते, पन तुमचं वाजवनं चाललं होतं.”

“मघाशी आत कोण आलं होतं?”

“मी तर दारातच बसलेय.” तिनं कप माझ्यापुढं ठेवला. “एकच सारंगी वाजत होती, मास्तर. आज चांगली वाजत होती.”

मी खोली पाहिली. दार एकच. खिडकीला गज. भिंतीवर खाँसाहेबांची जुनी सारंगी टांगलेली होती. समोर सूर लागला की तिच्या खालच्या तारा आपोआप गुणगुणतात, हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत असे. पण त्या तारा ऐकलेल्या सुराला साद देतात, सुराच्या आधी वाजत नाहीत. आणि हा अंतरा मला सुचला म्हणावं, तर शाळेच्या गॅदरिंगला स्वागतगीताची चालसुद्धा मला कधी सुचली नव्हती.

सोमवारची रजा टाकली, रात्री क्रांती चौकातल्या एका लॉजवर राहिलो, आणि दुपारी खाँसाहेबांना सगळं सांगितलं.

“पाठीमागून आलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तुमी वळले नाय ना?”

“नाही.”

ते बराच वेळ बोटं चोळत बसले. मग उठून हातपाय धुऊन आले, सारंगी घेतली, आणि माझ्या जागेवर भिंतीकडं तोंड करून बसले.

“द्या,” म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागं बसलो.

पहिली ओळ वाजवली. त्यांनी ती घेतली. माझ्या हातात जी नुसती ओळ होती, ती त्यांच्या हातात मुलतानी झाली. दुसरी घेतली. तिसरी. समोरून त्यांच्या श्वासाची शीळ येत होती.

चौथ्या ओळीला मी अडखळलो. पुन्हा लावून पाहिली, नाही आली. मी गज उचलला.

चौथी ओळ वाजली. माझ्या पाठीमागून.

खाँसाहेबांनी ती उचलली. शेवटाला चुकले. ती पुन्हा आली.

माझा गज मांडीवर होता.

मी वळलो नाही. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण भीतीहून आनंद मोठा होता. या माणसाची सव्वीस वर्षं अडलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत पुरी होत होती.

पाचव्यांदा त्यांची ओळ बरोबर आली. दोन्ही सारंग्या थांबल्या.

खाँसाहेबांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच मान लववली.

“जी,” ते म्हणाले.

मग काही वेळ ते नुसते ऐकत राहिले.

“जी, उस्ताद. पुन्हा वाजवतो.”

मी काहीच बोललो नव्हतो.