एकोणतीस चुका

“तीसपैकी एकोणतीस चूक,” चष्मेवाला म्हणाला. आपल्या मुलीची उत्तरपत्रिका त्यानं टेबलावर अलगद ठेवली. त्यानं ती आपटली असती तरी चाललं असतं, इतका त्याचा चेहरा पडला होता.

बाईंनी कागद पुढ्यात ओढला. बाई पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढायच्या. निवृत्तीनंतर तेच काम त्या खाजगीत करत. बाजूच्या खुर्चीत कंपाउंडर बसला होता, तोही निवृत्त. बाईंकडे डोकं होतं आणि त्याच्याकडे स्कूटर, एवढ्यावर ही जोडी सहा वर्षं टिकून होती.

“एक तरी बरोबर आलं,” कंपाउंडर म्हणाला.

चष्मेवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की कंपाउंडरनं पुढचं वाक्य गिळून टाकलं.

मामला असा होता. मुलगी इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला जायची. पहिल्या दहा मुलांची निवासी तुकडी निवडायला क्लासनं चाचणी घेतली: तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराचा गोळा पेनानं काळा करायचा. बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. तुकडीतली मुलं वर्षभर दुसऱ्या गावी राहून अभ्यास करणार होती. मुलगी दर चाचणीत पहिली नाहीतर दुसरी. या वेळी तिला उणे पंचवीस गुण पडले.

“कुणीतरी कागद बदललाय,” चष्मेवाला म्हणाला. “मी तक्रार केली म्हणून क्लासच्या क्लार्कला आठ दिवसांपूर्वी घरी बसवलं. उद्या दुपारी यादी जाणार. त्याच्या आत सिद्ध करा, म्हणजे तिची जागा वाचेल.”

“सही कुणाची आहे?”

“तिचीच वाटते. पण सही काय, कुणीही गिरवतं.”

“मुलगी काय म्हणते?”

“काही म्हणत नाही. जाऊ दे बाबा, एवढंच म्हणते. धक्का बसलाय तिला.”

“घरी आणखी कोण?”

“मोठा मुलगा.” चष्मेवाला उठला. “त्याचा यात काही संबंध नाही.”

क्लास एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींवर मागच्या वर्षांच्या यशस्वी मुलांचे फोटो होते आणि खोलीत फिनाइलचा वास. खिडक्यांना आतून कागद लावले होते, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. कंपाउंडरला तिथं पाऊल टाकताच उदास वाटायला लागलं.

सर पन्नाशीचे, दमलेले गृहस्थ होते.

“कागदांना हात लागला तो तिघांचाच,” ते म्हणाले. “एका मुलानं गठ्ठा वर्गातून ऑफिसात आणला. क्लार्कनं तो रात्रभर कपाटात ठेवला. सकाळी मी यंत्रात घातला.”

“आणि उत्तरसूची?”

“ती माझ्याकडे आणि त्याच कपाटात क्लार्ककडे. तिच्यात एक घोटाळा झाला, ते कबूल करतो. सतराव्याचं उत्तर मी ‘क’ काढलं होतं. निकालानंतर मुलं भांडायला आली, म्हणून पुन्हा सोडवला, तर ‘ब’ निघालं. मग सूची दुरुस्त केली.” सरांनी सूची मिटली. “त्या दुरुस्तीत तिचं एक बरोबर होतं तेही गेलं. आता उणे तीस.”

बाईंनी एक कोरी उत्तरपत्रिका मागून घेतली आणि कंपाउंडरपुढे सरकवली. “भरा.”

“मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच भरा.”

त्यानं मनाला येईल तसे तीस गोळे काळे केले. सरांनी दुरुस्त सूची लावून तपासलं. आठ बरोबर निघाले.

“म्हणजे मी त्या पोरीपेक्षा हुशार,” कंपाउंडर म्हणाला.

क्लार्क जवळच राहत होता. घरात असूनही त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. “मी ते गोळे काळे करून काय मिळवणार?” तो म्हणाला. “मला त्या प्रश्नांमधला एकही सुटत नाही. सूची बघूनच करावं लागेल ना? शेजारी आता माझ्याशी बोलायचे थांबलेत, बाई. बायको म्हणते, खरं काय ते मला तरी सांग.” त्याला आणखी विचारायला बाईंना जड गेलं.

गठ्ठा नेणारा मुलगा क्लासच्या जिन्यात सापडला. उत्तर कधीच पूर्णांकात सोडत नाही म्हणून त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत. मुलीचा हा जवळचा मित्र, आणि ती गळल्यामुळे तुकडीत दहावा आला होता.

“लोक काय म्हणतात ते मला माहितीये,” तो खाली बघत म्हणाला. “पण काकू, मी पाच प्रश्न कोरे सोडले होते. सतरावा त्यातलाच.”

“तो सतरावा आहे तरी काय?” कंपाउंडरनं विचारलं.

पोराला बोलायला विषय मिळाला. “जमिनीवर एक ठोकळा आहे. घर्षण त्याला जास्तीत जास्त दहा न्यूटननं अडवू शकतं. तुम्ही सहानं ओढलंत. तर घर्षण किती?”

“दहा.”

“सरही तिथंच चुकले. सहानं ठोकळा हलतच नाही. मग घर्षण पण सहाच, ओढाल तेवढंच. पेपर सुटल्यावर याच पायरीवर तिनं समजावलं आम्हाला. ते ऐकूनच नंतर आम्ही सरांशी भांडलो.”

“ती होती का भांडायला?”

“नाही. म्हणाली, मला काय फरक पडतो. आणि साडेपाच वाजत आले होते. साडेपाचच्या आत ती घरी पोचतेच, चर्चा कितीही रंगलेली असो. म्हणते, माझा दुसरा क्लास असतो.”

“कुठला?”

“सांगत नाही. पण एखादं गणित आमच्यापैकी कुणालाच सुटलं नाही, की दुसऱ्या दिवशी ती दोन ओळींत सोडवून आणते. तिची रीत नसते ती. तिला सगळं लांबलचक लिहायची सवय आहे.”

स्कूटरवर बसताना कंपाउंडर म्हणाला, “मला विचाराल तर क्लार्कच. किल्ली त्याची, सूची त्याची.”

“सूची त्याची, म्हणूनच तो नाही,” बाई म्हणाल्या. “सरांना आणि त्या मुलाला फोन करून चष्मेवाल्याच्या घरी बोलवा. क्लार्कलाही.”

चष्मेवाल्याच्या घरी आई नव्हती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या खोलीला लागून एक बंद दार होतं. मुलगी त्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती, मांडीवर वही घेऊन. पाहुणे दिसताच ती उठली. दाराजवळ गणित लिहिलेला एक कागद पडून राहिला.

“मोठा झोपलाय,” चष्मेवाला घाईनं म्हणाला.

बाकीच्यांची वाट बघता बघता कंपाउंडरला दिसलं, की तो कागद हळूच सरकत दाराखालून आत गेला. वारा असेल, असं त्याला वाटलं. खोलीची एकुलती एक खिडकी मात्र बंद होती.

सगळे जमल्यावर सर म्हणाले, “क्लासमध्ये बसलो असतो.”

“इथंच बरं,” बाई म्हणाल्या. “ज्यानं ऐकायला हवं त्याला इथं ऐकू येईल.”

त्यांनी उत्तरपत्रिका उलगडली.

“आमच्या कंपाउंडरनी डोळे झाकून गोळे भरले, तरी आठ बरोबर आले. चारांत एक पर्याय बरोबर असला, की न कळणाऱ्या माणसाचेही सात-आठ लागून जातात. या कागदावर खरं बरोबर उत्तर एकही नाही. तीसच्या तीस चुकवायचे तर तीसच्या तीस उत्तरं आधी माहीत हवीत.”

“म्हणजे सूची ज्याच्याकडे होती तो,” चष्मेवाला म्हणाला आणि क्लार्ककडे वळला.

“मलाही आधी तसंच वाटलं. पण सतराव्याला सूचीत ‘क’ होतं. सूची बघून चुकवणाऱ्यानं ‘क’ टाळला असता. या कागदावर तर ‘क’च काळा केलाय, आणि म्हणूनच यंत्रानं तो एक बरोबर धरला. हा कागद भरणाऱ्याजवळ सूची नव्हती. त्याला खरं उत्तर ‘ब’ आहे हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं ‘ब’ टाळला. क्लार्कना प्रश्न सुटत नाहीत. त्यांनी सूचीच वापरली असती. सरांनी स्वतःच ‘क’ काढलं होतं, त्यांनी तोच टाळला असता. दशांशला पाच प्रश्न आलेच नाहीत, मग पाचही ठिकाणी नेमकं काय टाळायचं ते त्याला कसं कळणार? हा कागद हातात आलेली चारच माणसं. उरली एक. तिनं त्याच दिवशी पायरीवर बसून सतरावा सगळ्यांना समजावला होता.”

बाईंनी कागद मुलीपुढे धरला.

“सही तुझीच आहे ना?”

“हो.”

“का?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“या घरातून याआधी निवासी तुकडीत कुणी गेलं होतं का?” बाईंनी विचारलं.

उत्तर सरांनी दिलं. “यांचा मोठा, दोन वर्षांपूर्वी. आमचा सगळ्यात हुशार मुलगा. सहा महिन्यांत परत आला.”

“तेव्हापासून तो या खोलीत आहे,” मुलगी म्हणाली. “जेवण आत घेतो. आम्ही झोपल्यावर बाहेर येतो. दादा कुणाशी बोलत नाही. बाबा दारापाशी आले, की बाहेर कधी येणार एवढंच विचारतात, आणि मग तो दोन-दोन दिवस जेवत नाही. एकदा मी असंच एक गणित दाराखालून सारलं. त्यानं सोडवून परत दिलं. आता रोज साडेपाचला देते. परवा त्यानं खाली लिहिलं होतं, हे सोपं होतं, उद्या अवघड आण.” तिनं वही छातीशी धरली. “मी वर्षभर गेले तर त्याला कागद कोण देणार?”

“मला सांगायचंस,” चष्मेवाला म्हणाला.

“सांगितलं होतं, मला जायचं नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस, तू दादासारखी नाहीस. तेही याच दारासमोर म्हणालात.”

चष्मेवाल्यानं बंद दाराकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

मुलगी क्लार्कपुढे जाऊन उभी राहिली. “काका, तुमच्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. आल्यावर मी बोलायला हवं होतं. मी घाबरले.”

“आठ दिवस झाले, पोरी,” क्लार्क म्हणाला. त्याला रागवायचं होतं, पण ते त्याला जमलं नाही. “उद्या माझ्या बायकोला तू स्वतः येऊन सांग.”

“येते.”

सर पुढे झाले. “तुमची इच्छा असेल तर उद्या सकाळी फेरपरीक्षा घेतो. यादीत नाव घालता येईल.”

सगळे चष्मेवाल्याकडे बघू लागले. या जागेसाठीच त्यानं एवढी धावपळ केली होती, एका निरपराध माणसाला घरी बसवलं होतं.

“प्रवेश परीक्षा मी देणारच आहे, बाबा,” मुलगी हळूच म्हणाली. “इथं राहून देईन.”

“यादी आहे तशीच जाऊ द्या,” चष्मेवाला म्हणाला.

माणसं एकेक करून उठली. दशांशही तिला ‘उद्या भेटू’ म्हणून जिना उतरला. उंबऱ्याशी कंपाउंडर आपल्या चपला शोधत वेळ काढत होता. बाईंनी त्याला गप्प राहायला खुणावलं.

चष्मेवाला दारापाशी आला. मुलगी पुन्हा तिथं बसली होती; ती सरकली आणि तो तिच्या शेजारी, जमिनीवर बसला. त्यानं दारावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग तो दाराखालच्या फटीशी वाकला.

“मला यातलं काही कळत नाही रे,” तो म्हणाला.

आत काहीतरी हललं. मग आवाज आला, खरखरीत, बोलायची सवय गेलेल्या माणसाचा.

“कशातलं?”

“कशातलंच नाही, बाळा,” बाप म्हणाला.