गोलकीपरचा वळसा

आटपाट पेठ होती, आपल्या कोल्हापुरातली. पेठेत तालीम होती, तालमीला फुटबॉलची टीम होती. तिथं आण्णा राहायचे, त्यांची बायको अंबूबाई राहायची आणि नात वर्षाराणी. पोरीचे आईबाप कबनूरला यंत्रमागावर कामाला, म्हणून पोर आज्जा-आज्जीजवळ वाढली. चौथी राहायची ती गाडी. अँबेसिडर, एके काळी पांढरी, आता सायीसारखी पिवळी पडलेली. तिला घरच्या माणसांत धरायलाच पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यात तिचाही हात होता.

पेठ तेव्हा कशी होती म्हणून सांगू! मॅच असली की भरदुपारी दुकानांच्या फळ्या पडायच्या. बायका तव्यावरची भाकरी उतरवून माडीवर पळायच्या. रिक्षावाला सांगायचा, "पावणं, दोन तास थांबा, न्हायतर चालत जावा." आणि जिंकलं की एक रीत होती. गोलकीपरनं घरचा उंबरा ओलांडायच्या आधी गाडीत बसून पेठेला वळसा घालायचा. मागच्या शिटावर, डाव्या खिडकीशी. काच खाली, अंगावर गुलाल. गाडी आण्णांची, चालवणारे आण्णाच. वळसा चुकला तर पुढं हार ठरलेली, असं लहानथोर सगळे मानायचे.

पण एक्केचाळीस वर्षं वळसा पडला नव्हता. शेवटचा गोलकीपर जोतीराम. तो वळशातच गेला. खेळून दमला, छातीत कळ आली, एवढंच पेठेला ठाऊक. त्या सालापासनं तालमीला कप शिवला नाही की आण्णांच्या दाराला सुख शिवलं नाही. उरलेली गोष्ट आण्णांनी अंबूबाईलासुद्धा सांगितली नव्हती.

यंदा तालमीनं पोरींची टीम काढली. गोलात वर्षाराणी. गारगोटीला फायनल होती, आणि पोरींनी ती मारली की! शेवटच्या मिनिटाला समोरची पोरगी धावत आली, वर्षानं बॉलवर झेप टाकली, आणि त्या पोरीचा गुडघा वर्षाच्या डाव्या बरगडीखाली बसला. पोर जरा वेळ पडून राहिली, मग उठली, हसली, कप उचलला.

बाकीच्या पोरी टेम्पोनं पुढं गेल्या. वर्षा आज्जाच्या गाडीत बसली, डाव्या खिडकीशी.

"पोटात दुखतंय काय गं?"

"काय न्हाय आज्जा. टेम्पोतनं मोनाचा फोन आलता. पेठेत हलग्या लागल्यात म्हणं. नुसता नाद खुळा!"

ऊन लख्ख होतं. दोन्ही अंगाला ऊस. आण्णांनाही बरं वाटत होतं. मुधाळ तिट्टा मागं पडला आणि मागची बडबड थांबली. आरशात बघितलं तर पोर काचेला टेकलेली. तोंड पिठासारखं. कपाळावर घाम.

"आज्जा... पाणी हाय?"

बाटली दिली. घोटभर प्याली न प्याली.

"डावा खांदा लई दुखतोय. मार तर पोटाला लागलाय की... खांदा कसा काय?"

आण्णांनी हे आधी ऐकलं होतं. हेच शब्द. ह्याच रस्त्यावर, ह्याच शिटावरनं. जोतीरामनंही आधी पाणी मागितलं होतं आणि मग म्हणाला होता, खांदा कसा काय दुखतोय रं आण्णा?

गाडीत वास यायला लागला. आधी बारीक, मग घसा धरण्याइतका. गुलालाचा वास. काचा खाली होत्या, वारा भरून वाहत होता, तरी वास हलत नव्हता.

"पोरी, पहिलं दवाखान्यात जाऊ," आण्णा म्हणाले.

तेव्हा मागनं आवाज आला. पुरुषाचा. तरणा, खुशीतला.

"एक वळसा मारू, जोत्या. मग जाऊ."

आण्णांनी तो आवाज ओळखला. तो जोतीरामचा नव्हता. तो आण्णांचाच होता, तेहतीस वर्षांच्या आण्णांचा. वर्षाचे डोळे मिटलेले, ओठ मिटलेले.

कळंब्याजवळ त्यांनी राजारामपुरीच्या दवाखान्याकडं वळायला स्टेरिंग फिरवलं. फिरेना. मोकळं होतं ते दगडासारखं झालं. ब्रेक दाबला तर पाय खाली गेला, गाडी काही थांबेना. रोजच्या वाटेनं बैल जावा तशी ती आपल्या मनानं पेठेकडं निघाली, आणि पेठेच्या तोंडाशी हलग्यांच्या गराड्यात जाऊन बंद पडली.

"आली रं आली! वर्षाराणी आली!"

"काय आण्णा, म्हातारी रुसली व्हय? ढकला रं!"

"थांबा! पोर आजारी हाय!" आण्णा ओरडले. पण हलगीपुढं कुणाचं काय ऐकू येतंय! गाडी हलली. वळशाच्या वाटेला लागली. खिडकीतनं मुठीमुठीनं गुलाल आत पडायला लागला. वर्षाचे डोळे आता उघडे होते. गुलाल पापण्यांवर पडत होता... आणि पापण्या लवत नव्हत्या.

आण्णांनी आरशात नजर टाकली. मागच्या काचेपाशी ढकलणाऱ्यांची तोंडं, लालभडक. पांडबा, शिरपती, मारुती... ह्यांना तर आपण पंचगंगेवर पोचवलंय. स्वतः खांदा दिलाय. तीच माणसं दात काढून गाडी ढकलत होती. आणि शिटावर वर्षाच्या अंगाला अंग लावून कुणीतरी बसलं होतं. जुन्या धाटणीची लांब बाह्यांची जर्सी, ओली. तोंड खिडकीकडं.

आण्णांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. खाली उतरले, मागचं दार उघडलं, पोरीच्या काखेत हात घातला. पोर निघेना. तिचा दुसरा हात आतनं कुणीतरी धरून ठेवला होता. आत तर कुणीच दिसत नव्हतं. मनगट तेवढं ताणलेलं, आणि कातडीवर बोटं रुतल्यासारखे खळगे.

आण्णा गुडघ्यावर आले.

"जोत्या..." आधी पुटपुटले, मग सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं बोलले. "तू दवाखान्यात ने म्हणालतास. मी ऐकलं हुतं. एक वळसा मारू म्हणालो. अर्ध्या वळशात तू गेलास, ते मी आरशात बघितलं... आणि गाडी थांबवली न्हाय. मेल्या माणसाला गुलालात फिरवलं मी. चूक माझी हाय. हिची न्हाय. सोड हिला..."

हलग्या थांबल्या होत्या. माडीवर अंबूबाई तोंडाला पदर लावून उभी.

मनगट सुटलं.

पोर आण्णांच्या अंगावर कोसळली. कोणीतरी चाचरत म्हणालं, "आण्णा, वळसा अर्धा ऱ्हायला... रीत..."

"जळू दे ती रीत! रिक्षा आण!"

राजारामपुरीच्या दवाखान्यात पोरीला तसंच आत नेलं. तीन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, आजोबा. पोटात रक्त साठलं होतं, म्हणून खांदा दुखत होता. अजून अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं." आण्णा भिंतीला टेकून तिथंच फरशीवर बसले.

पोर शुद्धीवर आल्यावर आण्णा जोतीरामच्या बहिणीकडं गेले. चिमणाबाई. म्हातारी दारात लसूण सोलत होती. आण्णांनी सगळं सांगितलं, हात जोडले.

चिमणाबाईनं मान वर केली नाही. "बसा. पेठ बोलली कालच," म्हणाली. मग लसणाची टोपली बाजूला सारली. "आमची आई दारात पाणी घेऊन उभी हुती, आण्णा. वळसा संपायची वाट बघत."

आण्णा तिथं अंधार पडेतोवर रडले. तिनं त्यांना उठवलं नाही, आणि घालवलंही नाही.

त्यानंतर पेठेनं वळसा कायमचा बंद केला. पुढच्या साली पोरींनी परत कप आणला, त्याच्या पुढच्या सालीही. वर्षाराणीला राज्याच्या टीमचं बोलावणं आलं. आईबाप कबनूर सोडून पेठेत राहायला आले, आण्णांचं घर भरलं, अंबूबाईनं दारात पेढे वाटले. एक्केचाळीस वर्षं रुसलेलं सुख त्या घरात आलं, तसं तुमच्याआमच्याही येवो.

एवढंच, की पेनल्टी असली म्हणजे वर्षाराणी मारणारीकडं बघतच नाही. गोलच्या डाव्या खांबापाशी, जिथं कुणी नसतं, तिकडं बघते. ऐकल्यासारखी मान हलवते. आणि मग झेप घेते. अजून एकही चुकली नाही.