आधी कुणाला हो म्हटलंय?

"एका लग्नाला दोन नवरदेव आलेत बघा. आता पयला च्या कुनाला द्यायचा, सांगा की कुनीतरी!"

ताडपत्रीच्या पलीकडून शकुबाई कुरकुरत होती. वडगावच्या फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला तिची चहाची टपरी, आणि टपरीमागची ताडपत्रीची आडोशाची जागा म्हणजे रेफरींची खोली. प्रेरणा बाकावर बसून बुटाची नाडी आवळत होती. नवरदेव? तिने मान वर केली...

समोर पालथ्या बादलीवर एक उंच तरुण बसला होता. तिच्यासारखाच काळा टी-शर्ट, तसेच काळे मोजे, गळ्यात तशीच शिट्टी. तोही नाडीच बांधत होता आणि तोही थांबला होता.

"तुम्ही... लाइनला?" प्रेरणाने विचारलं.

"मी मधे. तुम्ही?"

"मीही मधेच."

झालं होतं ते एवढंच, की एका मॅचला दोघांनाही मधे, म्हणजे मुख्य रेफरी म्हणून नेमलं होतं. नेमणुका करायचे कैलास सर, आणि सरांच्या डोक्यात जे ठरलं ते सगळ्यांना कळलंय असं सर धरून चालायचे. समोरच्याच्या झिजलेल्या बुटांवरूनच कळत होतं, की याने पुष्कळ मैदानं तुडवलीत. प्रेरणा तर अजून नवीन. आता हा म्हणणार, मॅडम, तुम्ही झेंडा घेऊन लाइनला जा, मी मॅच घेतो. तिने मनातल्या मनात भांडायची सगळी तयारी करून ठेवली.

"तुम्हाला कधी सांगितलं सरांनी?" त्याने विचारलं.

"सोमवारी."

"मला बुधवारी." त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि पिशवीतून झेंडा काढला. पिवळा, कडेला हाताने टीप घातलेला. "मग मॅच तुमची. आधी ज्याला सांगितलं, त्याची शिट्टी."

एवढी तयारी केलेली, ती सगळी वाया गेली. माणसाने निदान थोडं तरी भांडावं की नाही!

"नाव काय तुमचं?"

"आदिनाथ. सुदुंबऱ्याचा."

ताडपत्रीच्या फटीतून शकुबाईचा हात आत आला. पहिला चहा प्रेरणाला मिळाला.

*

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मैदानं किती झाली आणि चहा किती झाले, ते शकुबाईलाच माहीत.

प्रेरणा आठवडाभर गुलाबात असायची. तळेगावकडच्या एका पॉलिहाऊसमध्ये ती पॅकिंगची सुपरवायझर होती. लाल गुलाबांच्या दांड्या लांबीप्रमाणे लावायच्या, वीस-वीसची जुडी करायची, कागदात गुंडाळून थंड खोलीत ठेवायची. कुणाकुणाच्या प्रेमाची गाठोडी दिवसभर बांधायची आणि हातावर ओरखडे घेऊन घरी यायचं. रविवार तेवढा तिचा. रविवारी शिट्टी, गवत, ऊन... आणि बहुतेक वेळा आदिनाथ सर. योगायोगाने.

या सरांकडे नियम फार. पुस्तकातले नियम सगळ्यांनाच पाठ असतात, याच्याकडचे पुस्तकाबाहेरचे. एकदा हो म्हटलं, की मोठी मॅच आली म्हणून छोटी सोडायची नाही. खरंच अडलं, तर ज्याने मॅच दिली त्याला आधी फोन करायचा, परस्पर अदलाबदल करायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हो म्हणायच्या आधी 'सोबत कोण आहे' हे विचारायचं नाही.

"ते का नाही विचारायचं?" तिने एकदा छेडलं होतं.

"कारण मग रेफरी मॅच निवडत नाही... माणूस निवडतो."

"त्यात काय वाईट आहे, सर?"

तो बुटाचा चिखल काढत राहिला. आधीच स्वच्छ झालेल्या बुटाचा. कान मात्र लाल झाले होते. उन्हाने झाले असतील.

तसं या दोघांबद्दल बोलायला कुणाला जागाच नव्हती. मैदानात रेफरीने लाइनकडे बघायचं आणि लाइनवाल्याने रेफरीकडे, हे कामच आहे. चेंडू बाहेर गेला की बघ, कुणी पडलं की बघ, काही झालं नाही तरी एकदा बघून घे. बघता बघता काम किती आणि बाकी किती, हे त्या दोघांनी कधी मोजलं नाही. शकुबाईला दिसत होतं, कैलास सरांना दिसत होतं, तळेगावच्या पोरांच्या टीमलाही दिसत होतं. पण बोलत कुणीच नव्हतं.

*

जानेवारीतल्या त्या गुरुवारी पॉलिहाऊसमध्ये मान वर करायला सवड नव्हती. परदेशी जायचा माल चढत होता. आणि नेमका कैलास सरांचा फोन आला.

"पोरी, नशीब उघडलं तुझं! रविवारी लोणावळ्याची फायनल. लाइनला तू. वरून निरीक्षक येणारेत, तुझ्या पुढच्या परीक्षेला बरं पडेल. आणि मधे आपला आदिनाथ. शेवटचीच त्याची इकडची."

"शेवटची?"

"होसूरला चालला ना. कंपनीने बदली दिलीय. का, तुला बोलला नाही?" सर खोकले. "मला वाटलं, तुम्ही दोघं म्हणजे... असो."

प्रेरणाच्या हातातला गुलाब हातातच राहिला. होसूर. नकाशात कुठे आहे तेही तिला धड सांगता आलं नसतं. लांब आहे, एवढं नक्की.

"सर, रविवारी मी पवनानगरला हो म्हटलंय. लीलाताईंना."

"अगं, चौदा वर्षांखालच्या पोरींची मॅच ती! तिथे कुणीही शिट्टी वाजवेल. ताप आलाय म्हणून सांग. संध्याकाळी कळव मला."

लीलाताई पवनानगरच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. मॅच देताना म्हणाल्या होत्या, "माझ्या पोरींनी मधे उभी राहिलेली बाई अजून बघितलीच नाही. तू ये. आपली एक तरी दिसू दे त्यांना." आणि प्रेरणाने तेव्हा किती आनंदाने हो म्हटलं होतं!

पण... शेवटची. एकदाच त्याच मैदानावर, त्याच्याच लाइनला. एक खोटा ताप, बस. दुपारभर तिच्या एका जुडीत एकोणीस गुलाब जात होते आणि दुसरीत एकवीस. ती उठत होती, बसत होती, थंड खोलीत जाऊन कशासाठी आलो ते विसरत होती. सुट्टी झाल्यावर तिने गेटपाशी उभं राहून आदिनाथला फोन लावला.

"सर, एक नियम विचारायचा होता."

"विचारा, मॅडम." मागे कंपनीच्या बसचा आवाज येत होता.

"समजा, एका रेफरीने छोटी मॅच घेतलीय. मग त्याच दिवशी मोठी आली."

"समजा."

"आणि मोठीला तिला जायचंच आहे. अगदी... फार."

"तिला?"

"त्या रेफरीला हो!"

"आधी कुणाला हो म्हटलंय?"

"छोटीला."

"मग संपलं की." मग त्यानेच विचारलं. "मोठीला एवढं काय आहे पण?"

काय आहे! आता हे याला कसं सांगायचं?

"निरीक्षक आहेत," ती म्हणाली.

"अच्छा. निरीक्षक." त्याचा आवाज उगाचच उतरल्यासारखा वाटला.

"तुमच्याकडे काही सांगण्यासारखं नाही का, सर? कंपनीत वगैरे... काही नवीन?"

बसने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"भेटल्यावर बोलू," तो म्हणाला.

"भेटणार कधी? रविवारी तुम्ही कुठे आहात, ते विचारायचं नसतं ना?"

"नसतं," तो म्हणाला आणि हसला.

हसला! होसूरला निघालेला माणूस हसतो कसा? पूर्वीचे फोन बरे, रागाने आपटता तरी यायचे. प्रेरणाने तोंडावर ओढणी गुंडाळली, स्कूटी सुरू केली, बंद केली आणि तिथूनच कैलास सरांना कळवून टाकलं. "नाही जमणार, सर. ताईंना आधी हो म्हटलंय."

"वेडी आहेस," सर म्हणाले.

ते तिलाही पटत होतं.

*

रविवारी कामशेतहून ती पवनानगरच्या शेअर जीपमध्ये बसली. शेजारच्या मावशीच्या मांडीवर मेथीची पाटी, पायात कोंबड्यांची टोपली. हायवेकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने मान वळवलीच. लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सगळं जग आज लोणावळ्याला चाललं होतं, ती सोडून.

"बाय, लय चुळबुळ चाललीय तुजी," मावशी म्हणाली. "कुनी आजारी हाय का घरी?"

"नाही हो, मावशी."

"मंग सासरी चाललीस जनू!"

धरणावरून वारा सुटला होता. काठावर पर्यटकांचे तंबू फडफडत होते. शाळेच्या मैदानावर फक्की उडून रेघा पुसट होत होत्या, आणि शंभरेक पोरी एकाच वेळी ओरडत होत्या. प्रेरणाने पिशवी ठेवली. गोलपोस्टपाशी कुणीतरी पाठमोरं उभं राहून जाळीची गाठ मारत होतं. मागच्या खिशात पिवळा झेंडा. कडेला हाताने टीप घातलेला.

ती तरातरा गोलपोस्टपाशी गेली.

"तुम्ही इथे काय करताय?"

"जाळी सुटली होती," आदिनाथ वळून म्हणाला.

"सर!"

"लाइनला आहे. तुमच्या."

"आणि फायनल?"

"फायनलला मी हो कुठे म्हटलं होतं? कैलास सर धरून चालले. मी लीलाताईंना आधी हो म्हटलेलं." त्याने गाठ उगाच पुन्हा ओढली. "तुम्ही तिकडे जाल असं वाटलं होतं. निरीक्षक म्हणालात ना. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही."

म्हणजे ती खोटा ताप काढून लोणावळ्याला गेली असती, आणि हा इथे वाऱ्यात जाळी बांधत उभा राहिला असता! तिला एकदम हसू आलं आणि रडूही.

"मग फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मॅच नाही... माणूस निवडला असता."

"आणि निवडला असता तर?"

तो काही बोलणार, तेवढ्यात लीलाताई काखेत चेंडू घेऊन आल्या.

"झालं का तुमचं? पोरी खोळंबल्यात. आणि या नियमवाल्याचं काय ऐकतेस तू! मॅच द्यायला फोन केला, की याचा पहिला प्रश्न ठरलेला. 'प्रेरणा मॅडम त्या दिवशी कुठे आहेत?' मग म्हणणार, येतो. कैलासलाही हा हेच विचारतो. आम्हाला काय, दोन चांगले रेफरी मिळतात. आम्ही कशाला बोलतोय?"

त्या गेल्या. वारा तेवढा राहिला.

"सोबत कोण आहे हे विचारायचं नसतं ना, सर?"

कान लाल. आणि आज तर ऊनही नव्हतं.

"एकच नियम मोडला," तो म्हणाला.

"दोन वर्षं?"

"...सलग."

*

शिट्टी झाली. निळ्या आणि पांढऱ्या पोरी धावायला लागल्या. लाइनच्या पलीकडून एक बारकी पोर ओरडली, "ए, मधे बाई हाय गं!" आणि प्रेरणाची पाठ आपोआप ताठ झाली. तिने लाइनकडे बघितलं. तो बघत होता. काम होतं ते.

पण आत एक काटा रुतलेलाच होता. होसूरबद्दल तो अजून बोलला नव्हता. ती विचारत नव्हती, लीलाताईंनीही काढलं नव्हतं. मॅच संपणार, जीप भरणार, आणि भेटल्यावर बोलू, भेटल्यावर बोलू करत हा माणूस निघून जाणार...

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू लाइनबाहेर गेला. आदिनाथने झेंडा वर केला. सरळ वर, आभाळाकडे. चेंडू आत फेकायचा थ्रो निळ्यांचा की पांढऱ्यांचा, दिशाच नाही. झेंडा नुसताच वर, आणि नजर तिच्यावर.

दोन्हीकडून गलका झाला. "आमचा, आमचा!" प्रेरणाने हाताने सगळ्यांना जागेवर थांबवलं आणि ती लाइनपाशी गेली. रेफरी लाइनवाल्याशी बोलत असला, की जवळ कुणी यायचं नाही, हाही नियमच. सगळं मैदान बघत होतं, ऐकू मात्र कुणालाच येत नव्हतं.

"कुणाचा थ्रो?"

"माहीत नाही. मी... चेंडूकडे बघत नव्हतो."

"होसूरला जाताय?"

झेंडा हळूहळू खाली आला.

"कुणी सांगितलं?"

"कैलास सरांनी."

"ते धरूनच चालतात," तो म्हणाला. "बदली आलीय खरी. कंपनीला उद्या उत्तर द्यायचंय. महिनाभर टाळतोय... इथे थांबायला काहीतरी कारण तर हवं ना, मॅडम."

"म्हणजे अजून हो म्हटलेलं नाही?"

"कुणालाच नाही."

मैदान खोळंबलं होतं. लीलाताईंनी कमरेवर हात ठेवले होते. थ्रो निळ्यांचा होता, तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती मैदानाकडे वळली आणि हात लांब करून तिने निळ्यांची दिशा दाखवली. हात तसाच ठेवून, मागे न बघता, ती म्हणाली,

"मग मी आधी सांगते. मला तुम्ही आवडता, आदिनाथ. जाऊ नका."