मालक मागनं येत्यात

लाइट बाराशिवाय येत न्हाई, तवर मोटर चालू व्हायची न्हाई. म्हंजी बसायचंच हाय. मल्हार, ती बॅटरी विझव, उगं सेल जाळू नको. घोंगडं घ्या अंगावर, थंडी मुरती हाडात.

भुताचं ऐकायचंय व्हय? माझ्याकडं वडाचं आन् पिंपळाचं काही न्हाई. आमच्या लहानपणी तसलं ढीगभर ऐकलं, त्यातलं एक खरं न्हाई निघालं. हे मला मुजीबनं सांगितलंय. दौंडचा मुजीब, टेम्पोवाला. आपला कांदा कैक वर्सं त्याच्याच गाडीनं केडगावच्या बाजाराला गेला. दोन पोती कमी भरली तर येऊन सांगणारा माणूस, त्याला खोटं बोलून काय मिळणार? आन् हे सांगताना तो रडला व्हता, माझ्यासमोर, ह्याच बांधावर. आता दिवस मावळला की गाडीची चावी आईच्या हातात देतो. कुणी कितीबी भाडं देऊ दे, रातचा निघत न्हाई.

दोन हजार तीन साल. कार्तिकातली अवस, रविवार. रमजान चालू व्हता, ईद तोंडावर आलेली. मुजीबनं कुरकुंभला खजूर खाऊन रोजा सोडला, वर चहा घेतला, आन् घराकडं निघणार तेवढ्यात एक भाडं आलं. एमआयडीसीच्या मागनं सामान उचलायचं आन् पाटसला टाकायचं. जवळचंच काम. जाता जाता व्हईल म्हणून त्यानं हो म्हणलं.

त्या मागल्या बाजूला ठेकेदारानं कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या ठोकल्या व्हत्या. त्या खोल्यांचा कायदा साधा. काम हाय तवर खोली, काम सुटलं की खोली सुटली. मुजीब गेला तवा मुकादम दारात उभा राहून ‘जल्दी खाली करो, दूसरी पार्टी आनेवाली है’ म्हणत व्हता. आत एक बाई, पंचविशीच्या आतली. सुषमा तिचं नाव. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र, कडंवर एक लहान पोरगी, हर्षदा. सामान म्हंजी काय, एक खाट, एक ट्रंक, स्टो, चार भांडी, गोधड्या.

खाट चढवायला दुसरा माणूस लागतो म्हणून मुजीबनं विचारलं, घरवाले कुठं हायेत?

‘‘मालक ड्युटीवर हायेत,’’ ती म्हणली. ‘‘मागनं येत्यात.’’

त्यात इचारण्यासारखं काही न्हवतं. कुरकुंभला निम्मी माणसं ड्युटीवर असत्यात आन् निम्मी झोपलेली. त्यानं एकट्यानं खाट चढवली, मागचा फाळका लावला, मायलेकींना केबिनमधी बसवलं आन् गाडी काढली.

पाटसला सोजरबाई म्हणून एक बाई खोल्या भाड्यानं द्यायची. सुषमानं दुपारीच जाऊन खोली ठरवली व्हती. सोजरबाईची अट एकच, एकट्या बाईला खोली देणार न्हाई, बाप्या माणूस पाहिजे. आता त्या एकटीलाच कशाला नावं ठेवा, आपल्याकडं समद्यांचंच तसं हाय. तो पिऊन पडू दे, बायकोला मारू दे, पण बाप्या पाहिजे. सुषमानं तिलाबी तेच सांगितलं व्हतं. मालक मागनं येत्यात.

टेम्पो दारात थांबला तर सोजरबाई ओट्यावरच उभी. भाड्याच्या खोलीला कुलूप. सुषमा खाली उतरायच्या आत ती म्हणली, खोली द्यायची न्हाई. मुजीब म्हणला, मावशी, दुपारी तर बोलणं झालंय, लेकरू हाय, थंडी हाय. ती काही ऐकंना.

‘‘हिचे मालक येऊन गेले,’’ ती म्हणली. ‘‘खोली बघून गेले.’’

मुजीबला वाटलं, पिऊन आला असल आन् तमाशा केला असल. तसं विचारलंबी त्यानं. सोजरबाई म्हणली, काही न्हाई केलं, नुसते खोलीत जाऊन उभे राहिले. पण हे बोलताना तिनं त्या खोलीकडं मान वळवली न्हाई. घरात गेली आन् आतनं कडी लावली. मुजीबनं सुषमाकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलेलं. ती पोरीला घट्ट धरून परत केबिनमधी चढली.

आता तुम्हीच सांगा, रातच्याला कुठं जायचं? पार दौंडपासनं शिरूरपर्यंत एकट्या बाईनं लेकरू घेऊन चार रात्री काढाव्यात अशी एक जागा दाखवा मला. देवळात पुजारी उठवतो. एसटी स्टँडवर झोपली तर बाप्ये झोपू देत न्हाईत. पुण्याला म्हणं निराधार बायकांचं वसतिगृह असतं, पण तिथं कुणाचीतरी चिठ्ठी लागती, आन् चिठ्ठी द्यायला कुणी वळखीचं असलं तर ती निराधार कशाला व्हईल? मला ह्या गोष्टीत भुतापरीस ह्याचाच राग येतो, खरं सांगतो.

केडगावला बाजाराच्या मागं तवा एक धर्मशाळा व्हती. आता तिथं गाळे झालेत. फॅमिली असली तर चार दिवस खोली मिळायची. साहेबराव म्हणून तिथं बघायला असायचा, तसा भला माणूस. त्यानं लेकराकडं बघितलं, थंडीनं ओठ काळे पडलेले. म्हणला, देतो, पण मालक कुठं हायेत? एकट्या बाईला खोली द्यायचा नेम न्हाई आमच्याकडं.

सुषमानं पोरीचे पाय पदरात झाकले. मुजीब सांगतो, त्याला वाटलं ही आता परत फिरती. मग हळूच म्हणली...

‘‘येत्यात. मागनं येत्यात.’’

खोली मिळाली. खाट आत गेली. पोरगी पडल्या पडल्या झोपली. सुषमानं स्टो पेटवला. मुजीबला बरं वाटलं, एका जिवाला छप्पर मिळालं म्हणून. तो बाहेर येऊन फाळका वर करत व्हता. तेवढ्यात साहेबराव फाटकाकडनं आला. हातात बॅटरी. बॅटरी चालू न्हवती.

‘‘बाईचे मालक आलेत,’’ तो म्हणला.

‘‘बरं झालं की.’’

‘‘मी नाव इचारलं...’’

मुजीबनं फाळक्याची साखळी अडकवली.

‘‘मग?’’

‘‘तोंड उघडलं त्यांनी. आवाज न्हाई आला... पाणी आलं. पिवळं.’’

आन् साहेबराव सरळ खोलीत गेला, झोपलेल्या लेकराला उचलून आईच्या हातात दिलं, आन् खाट एकटा ओढत बाहेर आणली. शिवी न्हाई, ओरडणं न्हाई. मुजीबनं फाटकाकडं बघितलं. कुणी न्हवतं. पण वास व्हता. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांकडनं वारं फिरलं की नाकात झोंबतो ना, तो. केडगावला तो वास यायचं काही कारण न्हाई.

गाडी चौकात आली. सुषमा तवा बोलली. समोर काचंकडं बघत बोलली.

‘‘भाऊ, हर्षदाचे पप्पा न्हाईत. कंपनीतली टाकी धुवायला आत उतरले, ते वर न्हाई आले. परवा तेरावा झाला. मी टिकली काढली न्हाई. काढली असती तर खोली कोण देतं?’’

मुजीबच्या पायाखालचा ब्रेकच गेला म्हणतो. तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत राहिला. तिला म्हणला, वहिनी, आता कुणाला सांगू नका ते येत्यात म्हणून. खरं सांगा. तिनं पदरानं टिकली पुसली.

‘‘मीच बोलवलं म्हणून आले,’’ ती म्हणली. ‘‘जिवंत व्हते तवाबी हाक मारली की हातातलं टाकून यायचे. त्यांना वाटत असल, माझी अडचण भागल.’’

नवऱ्याचं नाव शंभू. चांगला माणूस असणार, न्हाईतर मेल्यावर कोण धावतं?

आता एकच दार राहिलं व्हतं. निमोण्याला तिचा भाऊ, बन्सी. तिथं ती आधी गेली न्हवती, कारण तेराव्याला भावजय, गिताबाई, समद्यांदेखत बोलली व्हती की आमचंच आम्हाला पुरत न्हाई. पण भाऊ तो भाऊ. पारगावचा पूल ओलांडला. न्हावरं मागं पडलं. रस्त्याला कुत्रं न्हाई. मुजीब सांगतो, गाडी जड लागत व्हती. रिकाम्यासारखीच गाडी, चार भांड्यांची. चढाला दम खात व्हती.

निमोण्यात बन्सीनं दार उघडलं. हातात कंदील, लाइट गेलेली. बहिणीचं मोकळं कपाळ बघितलं आन् त्याला भरून आलं. मागं गिताबाई उभी, पण तीबी काही बोलली न्हाई. बन्सी म्हणला, ‘‘आत ये, सुषमे. उंबऱ्यात नको उभी राहू.’’

एवढं झालं व्हतं बघा. एवढं जवळ आलं व्हतं.

पोरगी जागी झाली. दिवसभर आईच्या तोंडचं एकच वाक्य ऐकलेलं लेकरू. मामाकडं बघून म्हणलं...

‘‘मामा, दार लावू नको. पप्पा मागनं येत्यात.’’

सुषमानं तिच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला.

मागं टेम्पोची साखळी वाजली. फाळक्याची. मुजीब फुडं उभा व्हता, गाडीपाशी कुणी न्हाई. गाडी मागनं दबली... आन् वर आली. माणूस उतरल्यावर येती तशी.

मग वास.

बन्सी बहिणीच्या खांद्यावरनं मागं बघत व्हता. कंदील हलायला लागला. त्याला काय दिसलं, त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. आजतागायत न्हाई. त्यानं दार लावलं. आतनं कडी. मग आडवा आडणा. आन् मग आतनं त्याच्या रडण्याचा आवाज... भाऊ व्हता शेवटी.

सुषमा दार वाजवत बसली न्हाई. वळली.

मुजीब म्हणला, वहिनी, माझ्या घरी चला. आई हाय माझी, रशिदा नाव, ती न्हाई म्हणणार न्हाई. तो खरंच नेणार व्हता. सुषमानं मान हलवली. ‘‘तुमच्या घरीबी येतील ते, भाऊ. तुमची आई म्हातारी हाय.’’

गाडी परत रस्त्याला लागली. वाटेत फाट्यावर एसटीचं शेड हाय. तीन भिंती, वर पत्रा, एक सिमेंटचा बाक. तिनं केबिनच्या दारावर हात मारला. थांबा म्हणली.

‘‘हितं उतरते. हितं दार न्हाई. कुणी लावणार न्हाई.’’

मुजीबनं लई समजावलं. हात जोडले. ती ऐकंना. शेवटी त्यानं सामान उतरवून आत ठेवलं, पहाटेच्या सहरीसाठी ठेवलेल्या भाकरी तिला दिल्या, स्वतःची शाल दिली. म्हणला, सकाळी उजाडायच्या आत आईला घेऊन येतो, तिच्या हातनं तुम्हाला नेतो. ती म्हणली, या.

गाडी वळवताना दिव्याचा उजेड शेडमधी पडला. ती बाकावर एका कडंला सरकून बसली व्हती. पोरगी मांडीवर. शेजारी जागा मोकळी ठेवलेली.

दौंडला जाताना गाडी हलकी लागली.

सकाळी मुजीब आला, आईला घेऊन. तांबडं फुटत व्हतं. खाट नीट मांडलेली. ट्रंक भिंतीला. भांडी घासून पालथी घातलेली. भाकरीचं फडकं घडी करून. माणूस न्हाई, लेकरू न्हाई. रशिदाबी हाका मारत रानात पार लांबपर्यंत गेली. मुजीबनं शिरूर स्टँड पालथं घातलं. चौकीवर गेला. बन्सी महिनाभर वेड्यासारखा विहिरी धुंडाळत फिरला. कुणाला काही दिसलं न्हाई. आजपर्यंत न्हाई.

मुजीब सगळं सांगून उठायला लागला. मीच इचारलं, अजून काही हाय का. तवा बोलला...

शेडच्या तोंडाशी. जिथं आपण आत पाय टाकतो तिथं. घरात जाताना काढतो तशा, ओळीनं, वाहाणा काढून ठेवल्या व्हत्या. एक जोड बाईचा. एक लेकराचा, इवलासा.

आन् एक कंपनीचे बूट. ओले... तिन्हींची तोंडं आतल्या बाजूला.